बेसबॉल : घड्याळाविना चालणारा खेळ आणि त्याचे दुरावलेले प्रेक्षक

साहित्याच्या अध्यापकांनी एका परदेशी खेळाच्या घसरत्या लोकप्रियतेची चिकित्सा करावी, ह्याचे काही वाचकांना आश्चर्य वाटेल. परंतु बेसबॉल अमेरिकेत जितका मैदानावर खेळला गेला, जवळजवळ तितकाच कागदावरही खेळला गेला आहे. रिंग लार्डनरने १९१६ साली एका अर्धशिक्षित, बढाईखोर खेळाडूच्या पत्रांतून अमेरिकन बोलीभाषेला साहित्यात मानाची जागा मिळवून दिली. बर्नार्ड मॅलमडची पहिली कादंबरी (१९५२) बेसबॉलची, फिलिप रॉथने १९७३ मध्ये लिहिलेले विडंबन बेसबॉलचे आणि डॉन डिलिलोच्या १९९७ च्या महाकाय कादंबरीचे प्रारंभीचे प्रकरण ३ ऑक्टोबर १९५१ रोजी न्यूयॉर्कमध्ये झालेल्या एका सामन्याचे. ज्या खेळाने एका वाङ्मयाला इतके पुरवले, त्याचे प्रेक्षक का दुरावतात आणि ते परत कसे येतात, हा प्रश्न आम्हांला निव्वळ क्रीडापानाचा वाटत नाही. एखादा कलाप्रकार आपल्या समकालीनांशी असलेले नाते कसे गमावतो आणि पुन्हा कसे मिळवतो, ह्या जुन्याच प्रश्नाचे ते एक रूप आहे.

नाते गमावले गेले ह्यात शंका नाही. गॅलप संस्थेच्या पाहणीत १९४८ साली ३९ टक्के अमेरिकनांनी बेसबॉल हा पाहण्यासाठी आपला सर्वांत आवडता खेळ असल्याचे सांगितले होते. १९७२ मध्ये अमेरिकन फुटबॉलने त्याला मागे टाकले, आणि २०२३ च्या पाहणीत बेसबॉलचे नाव घेणारे १० टक्के उरले. १९७८ ची वर्ल्ड सिरीज दूरचित्रवाणीवर सरासरी सव्वाचार कोटींहून अधिक लोकांनी पाहिली. २०२३ ची एक कोटीहून कमी लोकांनी. ह्याच काळात व्यावसायिक बेसबॉलचे उत्पन्न मात्र सतत वाढत गेले, हेही लक्षात ठेवले पाहिजे. म्हणजे धंदा बुडालेला नाही. खेळ लोकांच्या बोलण्यातून गेला आहे, आणि ही वेगळी गोष्ट आहे.

क्रिकेटवर वाढलेल्या वाचकासाठी थोडा खुलासा आवश्यक आहे. दोन्ही संघांना प्रत्येकी नऊ इनिंग मिळतात आणि तीन गडी बाद झाले की इनिंग संपते. पिचर चेंडू टप्पा न पाडता फेकतो. टोलवण्याजोगा चेंडू फलंदाजाने सोडला किंवा मारताना तो हुकला, तर 'स्ट्राइक'. अशा तीन स्ट्राइक झाल्या की तो बाद, आणि ह्यालाच स्ट्राइकआउट म्हणतात. चार चेंडू आवाक्याबाहेर पडले तर मात्र त्याला पहिला बेस फुकट मिळतो. चारही बेस फिरून जिथून निघालो त्या 'होम'वर परत आले की एक धाव. ह्या साऱ्याला वेळेची मर्यादा नाही. बरोबरी झाली तर सामना पुढे चालू राहतो. तत्त्वतः तो कधीच न संपण्याची शक्यता असते.

हे घड्याळ नसणे हाच साहित्यिकांच्या प्रेमाचा विषय राहिला. ए. बार्टलेट जियामाटी ह्यांचे उदाहरण आम्हांला विशेष जवळचे वाटते. प्रबोधनकालीन महाकाव्यांतील 'पृथ्वीवरील नंदनवन' ही कल्पना हा त्यांच्या १९६६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाचा विषय. येल विद्यापीठात साहित्य शिकवता शिकवता ते तेथील अध्यक्ष झाले आणि १९८९ च्या एप्रिलमध्ये चक्क व्यावसायिक बेसबॉलचे आयुक्त. जेमतेम पाच महिन्यांत, त्याच वर्षी १ सप्टेंबरला, ते वारले. घरून निघून, संकटे ओलांडून घरी परत येणे ह्या बेसबॉलच्या रचनेत त्यांना ओडिसियसचा प्रवास दिसे, आणि काँक्रीटच्या शहरातील हिरव्या मैदानात नंदनवन. त्यांचे लेखन सुंदर आहे. तरीही एक शंका आम्हांला सतावते. ह्या नंदनवनाच्या भाषेने बेसबॉलचे जितके भले केले तितकेच नुकसानही केले नसेल ना? खेळ हळूहळू मंदावत चालला होता, आणि त्याचे भाट त्या मंदपणालाच त्याचे तत्त्वज्ञान ठरवीत होते.

इतिहास पाहिला तर असे दिसते, की बेसबॉलच्या पहिल्या पिढीला हा संथपणा मुळीच पवित्र वाटत नव्हता. न्यूयॉर्कच्या निकरबॉकर क्लबने १८४५ मध्ये नियम लिहून काढले त्या वेळी पिचर हा जवळजवळ वाढपी होता. फलंदाजाला टोलवता येईल असा चेंडू हाताखालून देणे हे त्याचे काम. खरा खेळ टोलवल्यानंतर, धावण्यात आणि अडवण्यात. लवकरच दोन्ही बाजूंनी ह्या सोज्ज्वळपणाचा फायदा घ्यायला सुरुवात केली. फलंदाज मनाजोगा चेंडू येईपर्यंत नुसता उभा राही. पिचर त्याला कंटाळवण्यासाठी मुद्दाम भलतीकडे चेंडू टाकी. प्रेक्षक वैतागत. ह्यावर उपाय म्हणून १८५८ मध्ये पंचाला स्ट्राइक पुकारण्याचा अधिकार मिळाला आणि त्यानंतर पाच-सहा वर्षांनी आवाक्याबाहेरच्या चेंडूंबद्दल पिचरला शिक्षा करण्याचा. आज ज्या तीन स्ट्राइक आणि चार बॉलना आपण बेसबॉलचे व्याकरण समजतो, ते मुळात वेळकाढूपणाविरुद्धचे कायदे होते. घड्याळ त्या खेळात नव्हते, पण घड्याळाचे काम करणारी माणसे होती.

ह्या घडणीत हेन्री चॅडविक ह्या पत्रकाराचा वाटा मोठा आहे. इंग्लंडमध्ये जन्मलेला, ब्रुकलिनमध्ये वाढलेला हा गृहस्थ आधी क्रिकेटचे वृत्तान्त लिहीत असे. क्रिकेटच्या धावफलकावरून त्याने बेसबॉलचा 'बॉक्स स्कोअर' घडवला, म्हणजे सबंध सामना आकड्यांच्या एका चौकटीत मावेल अशी मांडणी. जो सामना आपण पाहिला नाही तो सकाळी वर्तमानपत्रात वाचून मनात उभा करण्याची सवय त्याने एका देशाला लावली. खेळ मोठा होण्यासाठी मैदानाइतकीच वाचनाची सोय लागते, हे त्याला उमगले होते. हा खेळ इंग्लंडच्या राउंडर्सपासून निघाला, असेही तो सांगत राहिला. ते मात्र राष्ट्राभिमानाला रुचले नाही. १९०५ मध्ये नेमलेल्या एका समितीने १९०७ च्या अखेरीस निकाल दिला, की अॅबनर डबलडे ह्यांनी १८३९ साली कूपर्सटाउन ह्या खेड्यात बेसबॉल शोधला. त्या वर्षी डबलडे वेस्ट पॉइंटच्या लष्करी विद्यालयात शिकत होते, हा तपशील कोणाला आड आला नाही. १९३९ मध्ये त्याच खेड्यात बेसबॉलचे कीर्तिमंदिर उघडले. भूतकाळ असा रचून घेतलेला असला, की त्यात बदल करणे हा धर्मद्रोह ठरतो. बेसबॉलच्या पुढच्या अनेक अडचणींचे मूळ आम्हांला इथे दिसते.

तरीही गरज पडली तेव्हा बदल झाले. १९१९ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये शिकागोच्या खेळाडूंनी जुगाऱ्यांकडून पैसे घेऊन सामने हरल्याचे उघडकीस आले. १९२१ मध्ये ज्यूरीने त्यांना निर्दोष सोडले, परंतु नवे आयुक्त न्यायाधीश लँडिस ह्यांनी आठही जणांना आजन्म बाहेर काढले. खेळ वाचला तो मात्र केवळ ह्या कठोरपणाने नव्हे. १९२० च्या ऑगस्टमध्ये क्लीव्हलँडच्या रे चॅपमनच्या डोक्याला चेंडू लागला आणि दुसऱ्या दिवशी तो मरण पावला. तोवर मळका, थुंकी-तंबाखूने काळवंडलेला एकच चेंडू सामनाभर चालवला जाई. संधिप्रकाशात तो दिसतही नसे. आता स्वच्छ पांढरे चेंडू वारंवार बदलले जाऊ लागले, आणि चेंडूला थुंकी लावण्यावर त्याच वर्षी बंदी आली होती. दिसणारा चेंडू मारता येतो. न्यूयॉर्क यांकीजकडे नुकत्याच आलेल्या बेब रूथने त्या हंगामात ५४ होम रन मारले. आधीचा विक्रम त्याचाच, २९ चा. यांकीजच्या मैदानावरची प्रेक्षकसंख्या एका वर्षात सुमारे ६ लाख १९ हजारांवरून १२ लाख ८९ हजारांवर गेली. १९६८ मध्ये पुन्हा पिचर इतके वरचढ झाले, की अमेरिकन लीगचा सर्वोत्तम फलंदाज .३०१ ह्या सरासरीवर समाधानी राहिला. दुसऱ्या वर्षी पिचरचा उंचवटा १५ इंचांवरून १० इंचांवर आणला गेला आणि धावा वाढल्या.

नियम दुरुस्त करणे तुलनेने सोपे. खेळाचे दार उघडणे मालकांना नेहमीच अधिक जड गेले. रेडिओची कथा ह्या दृष्टीने वाचण्याजोगी आहे. ऑगस्ट १९२१ मध्ये पिट्सबर्गच्या केडीकेए केंद्राने पहिला सामना प्रक्षेपित केला. घरबसल्या फुकट ऐकायला मिळाले तर तिकीट कोण काढील, अशी धास्ती मालकांना पडली. न्यूयॉर्कच्या तिन्ही संघांनी तर १९३४ पासून पाच वर्षे रेडिओला मज्जाव करणारा करारच केला. तो काळ महामंदीचा. मैदाने आधीच ओस होती. लॅरी मॅकफेल नावाच्या खटपट्या व्यवस्थापकाने सिनसिनाटीत १९३५ साली विजेच्या दिव्यांखाली पहिला रात्रीचा सामना भरवला (कळ दाबण्याचा मान अध्यक्ष रूझवेल्टना, तीही व्हाइट हाउसमधून), आणि ब्रुकलिनला आल्यावर १९३९ मध्ये न्यूयॉर्कचा रेडिओ-करार मोडून रेड बार्बर ह्या समालोचकाला माइकपुढे बसवले. दिवसा कामावर जाणाऱ्याला रात्री सामना मिळाला, आणि घरातून बाहेर न पडणाऱ्यांना आवाज मिळाला. पुढे लॉस एंजलिसमध्ये प्रेक्षक मैदानात बसूनही कानाशी ट्रान्झिस्टर धरून विन स्कली ह्यांचे समालोचन ऐकत. डोळ्यांसमोर घडणारी गोष्टही कोणी सांगितली की अधिक घडते. कीर्तनाला बसलेल्या आपल्या श्रोत्यांना कथा ठाऊक नसते थोडीच!

दुसरे दार अधिक लाजिरवाणे. कृष्णवर्णीय खेळाडूंना १८८० च्या दशकापासून मोठ्या संघांत मज्जाव होता. रूब फॉस्टर ह्यांनी १९२० मध्ये निग्रो नॅशनल लीग उभी केली. तिथे वेगळाच, चपळ, बेस चोरणारा खेळ बहरला. १५ एप्रिल १९४७ रोजी जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिन डॉजर्सकडून मैदानात उतरला, आणि ज्यांना बेसबॉल आपला वाटत नव्हता असे प्रेक्षक गावोगावच्या मैदानांवर लोटले. न्यायाची गोष्ट इथे धंद्याच्याही हिताची ठरली. पण हिशेबाची दुसरी बाजूही मांडली पाहिजे. निग्रो नॅशनल लीग १९४८ च्या हंगामानंतर बंद पडली, आणि तिच्याबरोबर कृष्णवर्णीय मालक, व्यवस्थापक, वस्तीतली मैदाने हा सारा संसार विस्कटला. मोठ्या लीगनी खेळाडू घेतले, संस्था घेतल्या नाहीत. ह्या लीगना 'मेजर' दर्जा मिळाला तो २०२० च्या डिसेंबरात, आणि जॉश गिब्सनची .३७२ ही कारकिर्दीची सरासरी टाय कॉबच्या वर अधिकृतपणे नोंदली गेली २०२४ मध्ये. एकीकडे ही उशिरा सुचलेली न्यायबुद्धी. दुसरीकडे १९८० च्या दशकारंभी अठरा टक्क्यांच्या आसपास असलेले कृष्णवर्णीय अमेरिकन खेळाडूंचे प्रमाण २०२३ पर्यंत सहा टक्क्यांच्या घरात आले. २०२२ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये दोन्ही संघांत मिळून अमेरिकेत जन्मलेला एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. १९५० नंतर असे प्रथमच घडले. मुलांचा बेसबॉल आता महागड्या फिरत्या संघांचा आणि खाजगी प्रशिक्षकांचा झाला आहे. ज्या वस्तीतली मुले खेळत नाहीत, त्या वस्तीतले बाप मुलांना मैदानावर नेत नाहीत. प्रेक्षक घडतो तो असा, दोन पिढ्यांच्या मधल्या जागेत.

१९९४ चा संप हा आणखी एक तुटण्याचा क्षण. १२ ऑगस्टला खेळ थांबला आणि वर्ल्ड सिरीज रद्द झाली. दोन महायुद्धांनाही जे जमले नव्हते, ते मालक आणि खेळाडू ह्यांच्या भांडणाने करून दाखवले. १९९५ मध्ये दर सामन्याची प्रेक्षकसंख्या सुमारे एक-पंचमांशाने घटली. त्या वर्षी ६ सप्टेंबरला कॅल रिपकनने सलग २,१३१ वा सामना खेळून थोडी लाज राखली. रोज कामावर येणाऱ्या माणसाचा तो विक्रम, म्हणून लोकांना तो भावला. पण प्रेक्षक खऱ्या अर्थाने परतले ते १९९८ च्या उन्हाळ्यात, मार्क मॅग्वायर आणि सॅमी सोसा ह्यांच्या होम रनच्या शर्यतीने. १९६१ पासूनचा ६१ चा विक्रम मोडून मॅग्वायर ७० वर थांबला, सोसा ६६ वर. वृत्तपत्रांनी ह्याला बेसबॉलचा पुनर्जन्म म्हटले. २००७ च्या मिचेल अहवालाने त्या काळातील उत्तेजकांचा पसारा उघड केला, आणि २०१० मध्ये मॅग्वायरने स्टेरॉइड घेतल्याची कबुली दिली.

ह्या प्रसंगाकडे केवळ नैतिक घसरण म्हणून पाहणे आम्हांला अपुरे वाटते. १९२० मध्ये चेंडू स्वच्छ केला गेला होता. त्याने सर्वांचाच खेळ बदलला. १९९८ मध्ये खेळ तसाच राहिला, फक्त दोन देह फुगले. त्या शर्यतीने प्रेक्षकांना एकच गोष्ट पाहायला शिकवले, चेंडू कुंपणापार जातो की नाही. होम रन हा बेसबॉलमधला एकमेव असा क्षण, की ज्यात इतर खेळाडूंना काहीच करायचे नसते. सगळे उभे राहून वर पाहतात. अशा क्षणांवर पोसलेला प्रेक्षक मधल्या वेळात काय पाहणार?

आणि मधला वेळ वाढतच गेला. त्याला हातभार लागला तो, विरोधाभास असा, की बेसबॉल अधिक बुद्धिमान झाल्यामुळे. बिल जेम्स ह्यांच्यासारख्या हौशी अभ्यासकांनी आकड्यांचा नव्याने विचार केला. २००२ च्या ओकलंड संघाने तो अमलात आणला. मायकेल लुइसच्या २००३ मधील पुस्तकाने तो घरोघर पोहोचवला. गणित निर्विवाद होते. फलंदाजाने चेंडू सोडून पिचरला दमवावे, मारायचाच तर कुंपणापार मारावा, बाद झालो तरी हरकत नाही. पिचरने प्रत्येक चेंडू जिवाच्या आकांताने टाकावा आणि दमला की दुसऱ्याने यावे. प्रत्येक संघ शहाणा झाला आणि सगळ्यांचा मिळून खेळ निरस झाला. २०१८ च्या हंगामात स्ट्राइकआउटची संख्या टोलवून मिळवलेल्या बेसांपेक्षा जास्त झाली. मोठ्या लीगच्या इतिहासात प्रथमच. म्हणजे चेंडू, बॅट आणि धावणे ह्यांचा जो त्रिवेणी संगम, तोच विरळ झाला. २०२१ मध्ये नऊ इनिंगच्या सामन्याला सरासरी ३ तास १० मिनिटे लागत होती. चॅडविकच्या वेळचे दुखणे पुन्हा आले होते, मात्र ह्या खेपेला सोबत संगणक घेऊन.

नियम नव्हता असे नाही. बेसवर कोणी नसताना पिचरने १२ सेकंदांत चेंडू टाकावा, असे २००७ पासून पुस्तकात लिहिलेले होते; पंच ते कधी लावत नसत. दुय्यम लीगमध्ये चाचणी घेऊन अखेर २०२३ मध्ये मैदानावर खरेखुरे घड्याळ लावले गेले. बेस रिकामे असतील तर १५ सेकंद, नसतील तर २० (पुढच्या वर्षी १८). त्याबरोबर बेसची बाजू १५ इंचांवरून १८ इंच केली गेली आणि क्षेत्ररक्षकांना एकाच बाजूला गोळा करण्यावर बंधन आले. जुन्या रसिकांनी पुष्कळ शोक केला. परिणाम मात्र हंगामभरात स्पष्ट झाला. सामना सरासरी २ तास ४० मिनिटांवर आला, १९८५ नंतरचा सर्वांत लहान. चोरलेल्या बेसांची संख्या २,४८६ वरून ३,५०३ झाली. २००७ मध्ये ७ कोटी ९५ लाखांच्या उच्चांकावर असलेली आणि २०२२ मध्ये सुमारे ६ कोटी ४५ लाखांवर घसरलेली प्रेक्षकसंख्या ७ कोटी ७ लाखांवर चढली; २०२४ मध्ये ७ कोटी १३ लाख.

ह्या घड्याळाने कापले काय, हे नीट पाहिले पाहिजे. एकही इनिंग कमी झाली नाही, एकही गडी कमी झाला नाही. हातमोजे पुन्हा पुन्हा आवळणे, थुंकणे, टोपी काढून घालणे, उगाच पाठमोरे होणे, एवढेच गेले. संहितेला हात न लावता नाटक चांगल्या दिग्दर्शकाकडे गेले. बेसबॉलचे सत्त्व त्याच्या लांबीत आहे असे मानणाऱ्यांना हे उत्तर पुरेसे आहे. आणि तरुणांना केवळ झटपट काहीतरी हवे असते असे मानणाऱ्यांनाही. सव्हाना बनानाज नावाचा जॉर्जियातील एक संघ दोन तासांच्या मर्यादेत, नाचगाण्यासह, प्रेक्षकाने झेल घेतला तर फलंदाज बाद अशा नियमांनी खेळतो आणि मोठमोठी स्टेडियम भरवतो. तो तमाशा आहे, आणि तमाशाला आमची हरकत नाही. पण त्याच्याकडून घेण्यासारखे आहे ते नाचगाणे नव्हे. तो आपले सामने यूट्यूबवर सहज पाहू देतो, ते घ्यावे.

कारण दाराचा प्रश्न अजून सुटलेला नाही. डब्ल्यू. पी. किन्सेला ह्यांच्या १९८२ च्या कादंबरीत आणि तिच्यावरून निघालेल्या १९८९ च्या चित्रपटात आयोवातील मक्याच्या शेतात मैदान उभे राहते आणि बहिष्कृत खेळाडूंचे आत्मे तिथे खेळायला येतात. २०२१ च्या ऑगस्टमध्ये मेजर लीगने त्या जागी खराखुरा सामना भरवला. खेळाडू मक्यातून चालत आले, लोकांचे डोळे पाणावले. आणि त्याच आयोवातील रहिवाशांना लीगच्या स्वतःच्या इंटरनेट सेवेवर कित्येक वर्षे आसपासच्या सहा संघांचे सामने दिसत नसत, कारण प्रादेशिक केबल वाहिन्यांना ते हक्क विकलेले. नंदनवनाचे चित्र दाखवायचे आणि वेशीवर दरवान ठेवायचा! केबल सोडून देणाऱ्या घरांची संख्या वाढत गेली आणि २०२३ मध्ये त्या वाहिन्यांची सर्वांत मोठी कंपनी दिवाळखोरीत गेली. तेव्हा कुठे काही संघ थेट प्रेक्षकांकडे वळू लागले. १९३४ च्या रेडिओबंदीपासून मालक काय शिकले, असे विचारावेसे वाटते. २०२४ मध्ये ओकलंडचा संघ ५७ वर्षांनंतर शहर सोडून गेला, लास व्हेगासच्या ओढीने. शेवटच्या सामन्याला ४६ हजारांहून अधिक लोक आले होते. ते प्रेक्षक पुन्हा मिळवण्याची योजना कोणाकडेही नाही.

सट्ट्याबद्दल आम्ही स्पष्टच लिहू. जियामाटींनी आपल्या अल्प कारकिर्दीत पीट रोझ ह्या थोर खेळाडूला सट्ट्यावरून आजन्म बाहेर ठेवले. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने क्रीडासट्ट्याचा मार्ग मोकळा केल्यानंतर लीगने सट्टा कंपन्यांनाच भागीदार केले. प्रत्येक चेंडूवर पैज लावता आली की तरुण पडद्याला खिळतील, हा हिशेब. २०२५ च्या मे महिन्यात रोझवरची बंदी मृत्यूनंतर उठली, आणि नोव्हेंबरात क्लीव्हलँडच्या दोन पिचरांवर सट्टेबाजांसाठी ठरवून चेंडू टाकल्याचा आरोप ठेवला गेला. त्यानंतर एका चेंडूवरच्या पैजेला २०० डॉलरची मर्यादा आली. आरोपांचा निकाल न्यायालय देईल. परंतु १९१९ ज्याच्या स्मरणात आहे, त्या संस्थेने प्रेक्षक मिळवण्यासाठी हा रस्ता धरावा, ह्याहून करंटेपणा नाही.

खेळ आपला वाटण्याचा आणखी एक मार्ग आहे, आणि तो भाषेतून जातो. १८७२ च्या सुमारास होरेस विल्सन ह्या अमेरिकन शिक्षकाने जपानमध्ये बेसबॉल नेला. आधुनिक हायकूचा प्रवर्तक मासाओका शिकी विद्यार्थिदशेत ह्या खेळाचा वेडा होता. क्षयाने अंथरुणाला खिळण्यापूर्वी तो खेळला, नंतर १८९६ मध्ये वर्तमानपत्रातून त्याने खेळाचे नियम समजावले, त्यावर हायकू आणि टांका रचले, आणि फलंदाज, धावणारा अशांसाठी जपानी शब्द योजले. त्यांतील काही आजही चालतात. २००२ मध्ये जपानच्या बेसबॉल कीर्तिमंदिरात ह्या कवीचा समावेश झाला. १९१५ पासून चालत आलेली शालेय मुलांची उन्हाळी स्पर्धा तिथे सबंध देश पाहतो. परका खेळ दीडशे वर्षांत असा मुरला, की आज अमेरिकन बेसबॉलचा सर्वांत मोठा नायक, शोहेइ ओहतानी, तिथूनच आला आहे. पिचर आणि फलंदाज ही दोन्ही कामे करणारा, २०२४ मध्ये ५४ होम रन आणि ५९ चोरलेले बेस एकाच हंगामात नोंदवणारा. मार्च २०२३ च्या जागतिक स्पर्धेच्या अंतिम सामन्यात त्याने अमेरिकेच्या माइक ट्राउटला स्ट्राइकआउट करून जपानला जिंकून दिले. स्ट्राइकआउट हा स्वतः नीरस नसतो, हेही त्या चेंडूने दाखवले. त्याच्यामागे कथा असली की झाले.

२७ ऑक्टोबर २०२५ ला लॉस एंजलिसमध्ये डॉजर्स आणि टोरांटो ब्लू जेज ह्यांच्यात वर्ल्ड सिरीजचा तिसरा सामना झाला. नऊ इनिंग संपल्या तेव्हा बरोबरी होती. पिच क्लॉक प्रत्येक चेंडूआधी सेकंद मोजत होते, आणि सामना मात्र कोणाचेच ऐकत नव्हता. ओहतानी नऊ वेळा फलंदाजीला आला आणि नऊही वेळा बेसवर पोहोचला. दोन्ही संघांनी मिळून सहाशेहून अधिक चेंडू टाकले. अठराव्या इनिंगमध्ये, ६ तास ३९ मिनिटांनंतर, फ्रेडी फ्रीमनने चेंडू कुंपणापार धाडला. लॉस एंजलिसमध्ये मध्यरात्रीला दहा मिनिटे होती, टोरांटोत पहाटेचे तीन वाजत आले होते, आणि टोकियोत, जिथे लोकांनी सकाळी नऊला सामना लावला होता, दुपारचे चार.